खालमुंडी

खालमुंडी, पाताळधुंडी. मी शाळेवर हजर झालो त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडगुरुजींच्या तोंडून हे निघालं. गळ्यात पट्टा, पोटाशी काळा डबा आणि डब्यात मान खुपसून मी पाड्यावर हिंडत होतो, तेव्हा ते मलाच म्हणाले असावेत. पुढे तिच्याशी ओळख वाढली, तेव्हा लक्षात आलं की हे विशेषण तिलाच जास्त शोभतं.

ती म्हणजे याशिका मॅट १२४ जी हा कॅमेरा. किलोभर वजन, पुढे एकावर एक दोन डोळे, उजव्या अंगाला रोल पुढे सरकवायचा दांडा. कराडला मामाच्या स्टुडिओत तिने उमेदीच्या काळात शेकडो लग्नं काढली. पुढे रंगीत फोटो आले, व्हिडिओ आला आणि ती कपाटात गेली. २००१ साली शिक्षणसेवक म्हणून माझी ऑर्डर निघाली ती थेट नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याची. आईने डोळ्यांना पदर लावला. मामाने मात्र कपाट उघडलं, याशिका फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली आणि विचारलं, "तिकडं संध्याकाळी करणार काय तू?"

शहाद्याहून जीप, धडगावहून दुसरी जीप, आणि ती थांबते तिथून दोन तास चाल. मानधन महिन्याला ३,००० रुपये. त्यात महिन्याला एकच रोल परवडायचा, आणि एका रोलवर ती बारा फोटो देते. तेराव्याला कितीही लाडीगोडी लावा, ऐकत नाही. तिचा प्रकाशमापकही मेलेला होता, कारण त्याला लागणारी पाऱ्याची बॅटरी बाजारातून हद्दपार झालेली. काटा कायम झोपलेला. मामाचं गणित तेवढं पाठ होतं: कडक उन्हात सोळा, ढगाखाली आठ.

तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती डोळ्याला लावावी लागत नाही. वरचं झाकण उघडायचं आणि आडात वाकून बघावं तसं आत बघायचं. समोरच्याला वाटतं, गुरुजी काहीतरी शोधताहेत. बंदुकीसारखं कुणावर रोखणं नाही, खटका दाबला तरी आवाज उंदराने दाणा फोडावा एवढाच. खालमुंडी ती याच अर्थाने.

आत काचेवर दिसतं ते डावं-उजवं उलटं. माणूस उजवीकडे निघाला की काचेतला डावीकडे चालू लागतो. मला सवय व्हायला दोन महिने लागले, पोरांना दोन मिनिटं. मधल्या सुट्टीत एकेकाने पाळीपाळीने डोकं घालायचं असा नियमच झाला. दुसरीत एक मुलगी होती. जूनपासून तिने माझ्याशी चकार शब्द काढला नव्हता. काढणार तरी कसा? घरी पावरी बोलायची, पुस्तक मराठीत, आणि गुरुजी सातारी मराठीत बडबडणारे. तिची पाळी आली तेव्हा मी कॅमेरा फळ्याकडे वळवला. फळ्यावर 'घर' लिहिलेलं होतं. ती बराच वेळ आत बघत राहिली. मग पाटी घेतली आणि काचेत दिसत होतं तसंच, आधी र मग घ, दोन्ही तोंड फिरवलेले, वळणासह बिनचूक लिहून पाटी माझ्यापुढे धरली. आपण होऊन काढलेलं तिचं ते पहिलं अक्षर. याला चूक द्यावं की बरोबर? मी बरोबरची खूण केली. हेडगुरुजींना पाटी दाखवली नाही.

मोहाच्या दिवसांत एक म्हातारी पहाटे फुलं वेचत होती. तिने टोपली खाली ठेवली, डब्याभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याबरोबरच्या पोराला काहीतरी विचारलं. पोराने मराठी केलं, "एका डोळ्याने बघते, तर दुसऱ्याने काय करते?" मी सांगितलं, वरचा नुसता बघतो, खालचा लक्षात ठेवतो. ती म्हणाली, "मग वरच्याला कशाला विचारता?"

तिचं म्हणणं किती खरं होतं ते रोल धुऊन आल्यावर कळलं. वरच्या डोळ्याला दिसतं ते खालच्याला तसंच दिसत नाही. दोघांत दोन बोटांचं अंतर. लांबच्या डोंगराला त्याने काही फरक पडत नाही, पण माणूस जवळ असला की खालचा डोळा त्याचं टाळकं कापतो. म्हातारीच्या मुलाने फोटोसाठी मुद्दाम पागोटं बांधलं होतं. फोटोत कपाळापासून खाली सगळं होतं. म्हातारीने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. पुढच्या महिन्याचा पहिला फोटो त्याचाच काढला, कॅमेरा दोन बोटं उचलून.

फोटो कसा असावा याबद्दल पाड्याची मतं पक्की होती. उभं राहायचं, ताठ, नवे कपडे घालून, आणि पाय दिसलेच पाहिजेत. मला मात्र मासिकांत बघितलेले फोटो काढायचे होते: सुरकुत्या, धूर, बेसावध चेहरे. पहिलं वर्षभर आमचं पटलं नाही. मग मी शरण गेलो, आणि माझे त्यातल्या त्यात बरे फोटो त्यानंतरचेच आहेत. फोटो मागितला त्याला दिलाच पाहिजे, हेही तिथेच शिकलो. हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर यादी असायची: कोणाचा काढला, कोणाचा द्यायचा राहिला. एकदा एका स्टुडिओवाल्याने अख्ख्या रोलवर ओरखडे पाडले. बारा घरांपुढे तोंड दाखवायची चोरी झाली.

पुढे, २०१६च्या नोव्हेंबरात, शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांसोबत सेल्फी काढून सरकारला पाठवावी असा फतवा निघाला. मुलांची गळती थांबावी म्हणून. विरोध झाला आणि तो बारगळला. तोवर माझी बदली झाली होती, पण हिशेब करून बघितला. माझ्या वर्गाच्या सोमवारच्या सेल्फींतच याशिकाचा रोल संपला असता, आणि मुलांच्या हातात एकही पडला नसता.

होळीला मात्र ती निरुपयोगी. रात्रभर ढोल, कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे टोप, आणि उजेड काय तो जाळाचा. तिचा रोल एवढ्याशा उजेडात आंधळा. मी ती पिशवीत ठेवायचो आणि नाचायचो. पाच होळ्या केल्या, फोटो एकही नाही. आता काठी गावच्या होळीला पुण्या-मुंबईचे कॅमेरे रांगेने उभे असतात, हातभर लांबीच्या भिंगांचे. नाचणारा रिंगणातून बाहेर आला की त्याच्यावर पाच-सहा भिंगं रोखली जातात. तो थांबतो, ताठ उभा राहतो, पाय जुळवतो. कॅमेरेवाले म्हणतात, "नाही नाही, तुम्ही नाचा."

तुम्ही त्यांच्यातले असाल तर एक करा. तो ताठ उभा राहिलेला फोटोही काढा, पायांसकट. छापा आणि पाठवा. नाव आणि पाडा विचारून घ्या, पत्ता शाळेचा टाका. गुरुजी पोचवतील.