लांबी भरलेलें सुकाणूं

साठी उलटल्यावर मनुष्याला कोणती नवी विद्या शिकावी लागेल, याचा नेम नाहीं. आमचें सारें आयुष्य मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत गेलें. सेवानिवृत्तीनंतर घिवलीच्या वडिलोपार्जित घरीं येऊन राहावें, सकाळीं ओटीवर बसून जुनीं पुस्तकें चाळावीं, सायंकाळीं किनाऱ्यानें फेरी मारावी आणि शेजारच्या तारापूर अणुवीजकेंद्राचे दिवे लागले कीं घरीं परतावें, एवढाच आमचा बेत होता. त्या बेतांत होडीला कोठेंच जागा नव्हती. ती आमच्या पुतण्यानें करून दिली.

पुतण्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहे. गेल्या दिवाळीपूर्वीं त्यानें मुंबईहून एक जुनी शिडाची डिंगी विकत घेतली आणि टेंपोंत घालून आमच्या अंगणांत आणून उतरविली. 'डिंगी' हा शब्द कानाला साहेबी वाटतो खरा. पण तो मूळचा आपल्याच देशांतला, हिंदी-बंगालींतला. इंग्रजांनीं तो उचलून नेला आणि पुढें आपण तो त्यांच्याकडून परत घेतला. ही नाव 'एंटरप्राइज' जातीची. जॅक होल्ट नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १९५६ सालीं हिची आंखणी केली. लांबी सव्वातेरा फूट, दोन माणसांपुरती, शीड निळें. तुळशीवृंदावनाशेजारीं ती पालथी घातलेली पाहून आमच्या सौभाग्यवतींनीं एवढेंच विचारलें, "हिला चारा काय घालायचा?" समुद्रयान कलिवर्ज्यांत मोडतें, हा मुद्दा आमच्या मनांत येऊन गेला, परंतु घरांतलीं दोन माणसें विमानानें परदेशीं जाऊन आलेलीं असल्यामुळें तो काढण्यांत अर्थ नव्हता. शिवाय पुतण्याची तेरा वर्षांची मुलगी, म्हणजे आमची नात, त्या नावेभोंवतीं अशी फिरत होती कीं, तिच्यापुढें धर्मशास्त्र काढण्याचा धीर आम्हांला झाला नाहीं.

नाव एकंदरींत धड होती. दुखणें होतें तें सुकाणूंत. सुकाणूं म्हणजे नावेच्या मागच्या फळीला दाराप्रमाणें टांगलेली एक उभी फळी. नावेला दोन कड्या असतात, सुकाणूला दोन खुंट्या. खुंट्या कड्यांत बसल्या कीं तें डावें-उजवें फिरूं लागतें. वरच्या भागाला हातांत धरावयाचा दांडा जोडलेला असतो, आणि त्या भागाच्या दोन गालांमध्यें खालचें पातें एका खिळीवर असें बसविलेलें असतें कीं, उथळ पाण्यांत दोरीनें तें वर उचलून घेतां यावें. आमच्या सुकाणूला खालच्या खुंटीपाशीं बोटभर लांबीची एक चीर होती. बस्स, बोटभर.

गांवांत मच्छीमारांच्या होड्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. तो आमचा जुना विद्यार्थी. सातवींत त्यानें शाळा सोडली आणि वडिलांच्या हाताखालीं रंधा धरला. आम्हीं त्याला बोलाविलें. त्यानें चिरेकडे पाहिलेंच नाहीं. पटाशीच्या मुठीनें सुकाणूच्या गालांवर ठोकत ठोकत तो वरून खालीं आला आणि खुंटीपाशीं आवाज बदलतांच थांबला. "गुरुजी, हें लांकूड आंतून मेलेलं आहे. नवीन करून घ्या."

नव्याचा खर्च त्यानें सांगितला तो ऐकून आमच्या अंगांतला काटकसरी मास्तर जागा झाला. छत्रीची काडी बदलून बारा वर्षें चालविणारे आम्ही, बोटभर चिरेसाठीं सबंध सुकाणूं कसें टाकणार? चीर आम्हीं पॉलिश कागदानें घासली, लांबी भरली, वर दोन हात रंग दिला. काम इतकें सुबक झालें कीं, चीर कोठें होती हें आमचें आम्हांलाच सांपडेना. पुतण्यानें विचारलें तेव्हां आम्हीं सांगितलें, "पक्कें झालें आहे." मिस्त्रीचें म्हणणें मात्र आम्हीं त्याच्या कानांवर घातलें नाहीं.

पुढील दोन महिने नाव चांगली चालली. वारा बेताचा असे. माघी पौर्णिमेनंतरच्या एका दुपारीं मात्र वायव्येचा वारा जोरावर होता आणि उधाणाची ओहोटी लागली होती. बाप-लेक पाण्यांत होतीं, दांडा नातीच्या हातांत होता, आम्ही किनाऱ्यावर उभे होतों. एकाएकीं नाव आपणहून वाऱ्याकडे वळली आणि तें निळें शीड दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखें फडफडूं लागलें. आम्हांला वाटलें, खेळ चालला आहे. मिस्त्री जवळच एका होडीला रंग देत होता. तो उठला, डोळ्यांवर हात धरून त्यानें पाहिलें, आणि कांहीं न बोलतां जाळीं उचलून परतणाऱ्या एका यांत्रिक होडीला हातवारे करीत पाण्याच्या कडेनें धांवत सुटला.

तो पाऊण तास कसा गेला हें लिहून दाखविणें आमच्या आटोक्यांतलें नाहीं. दोघांच्या अंगांत तरंगण्याचीं जाकिटें होतीं, हें आम्हांला ठाऊक होतें; पण ठाऊक असणें निराळें आणि ओहोटीबरोबर एक निळा ठिपका लहान होत जातांना पाहणें निराळें. पुतण्यानें शीड उतरविलें, मागच्या फळीवरून वल्हें पाण्यांत सोडलें आणि त्यानेंच नावेचें तोंड सांभाळलें. अमरकोशांत अरित्र आणि केनिपातक हे शब्द शेजारीं शेजारीं येतात; कोणी त्यांचा अर्थ वल्हें करतात, कोणी सुकाणूं. हा घोळ आम्ही वर्गांत हंसून सोडून देत असूं. वस्तुतः पूर्वींच्या नावांना मागें धरलेलें मोठें वल्हें हेंच सुकाणूं असे. 'सुकाणूं' हा शब्द तर अरबी 'सुक्कान'वरून मागाहून आपल्याकडे आला. त्या दिवशीं मात्र हें कांहींएक आम्हांला सुचलें नव्हतें. होडीनें दोर टाकून नाव ओढून आणली. नात ओली होती, थरथरत होती. तिनें पहिला प्रश्न केला तो आम्हांला: "तात्या, दांडा एकदम हलका झाला. माझं काही चुकलं का?"

वाचकहो, आम्हीं उत्तर दिलें नाहीं. रात्रीं जेवतांना बोलणें निघालें. पोरीनें भीतीनें दांडा जोरानें ओढला असेल, असें आमचे बंधु म्हणाले. मुलीच्या हातांत देण्याची वस्तूच नव्हे ती, असें वहिनी म्हणाल्या. नात ताटांतला भात चिवडीत बसली होती. आम्ही तेव्हांहि गप्पच राहिलों. अडतीस वर्षें वर्गांत 'खडू कोणीं फेंकला, उभा राहा' असें दरडावणारे आम्ही, स्वतःच्या घरच्या पंगतींत उभे राहूं शकलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्री आपण होऊन आला. सुकाणूचा वरचा भाग दोराबरोबर परत आला होता. त्यानें तो अंगणांत ठेवून, घरचीं सर्व माणसें पाहत असतां, खुंटीपाशीं करवतीनें आडवा कापला. आमचा रंग वरून आरशासारखा होता. त्याच्या आंत खिळीच्या भोंकाभोंवतीं तीन बोटें लांकूड काळें, ओलें, चुरा झालेलें होतें. पाणी चिरेंतून शिरलेंच नव्हतें. तें वर्षानुवर्षें खिळीच्या भोंकांतून शिरत होतें. चीर म्हणजे त्या रोगाचें बाहेर उमटलेलें लक्षण, आणि आम्ही त्या लक्षणाला लेप लावून बसलों होतों. शिवाय पूर्वींच्या कोणा मालकानें पितळी खुंटीला साधी लोखंडी खिळी मारली होती. दोन जातींच्या धातू खाऱ्या पाण्यांत एकत्र आल्या कीं, एक दुसरीला खाते. भोजराजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरु ग्रंथांत समुद्रावर जाणाऱ्या नावांना लोखंड वापरूं नये असें सांगितलें आहे. त्याचें कारण लोहचुंबकाच्या खडकांची भीति असें दिलें आहे. कारण पटो न पटो, तो सल्ला ह्या खिळीला तरी लागू पडत होता.

मिस्त्रीनें 'मीं तेव्हांच सांगितलें होतें' असें म्हटलें नाहीं. त्यामुळें तें आम्हांला म्हणावें लागलें. अंगणांतच, करवतीच्या भुशांत उभें राहून, त्यानें काय सांगितलें होतें आणि आम्हीं काय केलें, हें सर्वांना सांगितलें. "हिचें कांहीं चुकलें नाहीं," एवढें शेवटचें वाक्य आम्हीं नातीकडे पाहून म्हटलें. वहिनी आंत निघून गेल्या. नात कांहीं बोलली नाहीं. तिनें तो काळा चुरा चिमटींत घेऊन हुंगला.

नव्या सुकाणूला तीन आठवडे लागले. पाण्याचा सारा दाब पात्यावर आडवा येतो, आणि खालची खुंटी हा त्या तरफेचा टेकू होय. नावेचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. हें आम्हीं फळ्यावर शेंकडों वेळां काढलें असेल. हातानें प्रथमच पाहिलें. मिस्त्रीनें पात्यासाठीं सागाच्या पट्ट्या कापल्या आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या रेषा उलटसुलट ठेवून त्या चिकटविल्या, म्हणजे पुढेंमागें एक वांकूं लागली तर दुसरी तिला धरते. मग घडण: पुढची कड गोल, जाडी पुढच्या तिसऱ्या हिश्शाच्या सुमारास सर्वांत अधिक, तेथून मागें निमुळतें. "सुरमईसारखं," तो म्हणाला. सुरमई हातांत धरून पाहण्याची सोय आमच्या घरीं नसल्यामुळें नात त्याच्या घरीं जाऊन पाहून आली. त्यावर आमच्या वहिनींनीं तिला अंघोळ घातली हें खरें, परंतु पुन्हां जाऊं नको असें म्हटलें नाहीं.

भोंकांची रीत आम्हांला सर्वांत आवडली. खिळीपेक्षां मोठें भोंक पाडावयाचें, तें एपॉक्सीनें पूर्ण बुजवावयाचें, तें दगडासारखें घट्ट झालें कीं त्याच्या मधोमध पुन्हां खिळीएवढें भोंक पाडावयाचें. खिळीचा आणि लांकडाचा संबंधच येत नाहीं. पाणी शिरलें तरी लांकडापर्यंत पोंचत नाहीं. खिळ्या व खुंट्या ह्या खेपेस एकाच जातीच्या, स्टेनलेस स्टीलच्या. नाव उलटली तर सुकाणूं कड्यांतून सुटून जाऊं नये म्हणून एक लहानशी स्प्रिंगची पट्टीहि बसविली. लांबीचा डबा आमच्याच हातानें आम्हीं माळ्यावर ठेवून दिला.

सुकाणूं झालें, परवानगी राहिली. सूनबाई कांहीं केल्या मुलीला पाठवीनात. पुतण्यानें जेवतांना 'तारिणी'ची गोष्ट काढली. आपल्या नौदलाच्या सहा तरुणी १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहून त्या शिडाच्या नावेनें पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. जानेवारी २०१८ मध्यें सुकाणूच्या यंत्रणेंत बिघाड झाल्यामुळें त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरांत थांबावें लागलें. दुरुस्ती करून त्या २१ मे २०१८ रोजीं गोव्यास परत आल्या. सूनबाईंनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि आमटी वाढतां वाढतां नवऱ्याला म्हणाल्या, "त्यांच्या सुकाणूला घरच्यांनी लांबी भरलेली नव्हती." आम्ही आपल्या ताटांत पाहत राहिलों. थोड्या वेळानें त्याच म्हणाल्या, "तात्या, पहिल्या दिवशी हिच्याबरोबर तुम्ही बसा. मग पुढचं पाहू."

वैशाख शुद्ध अष्टमीस, भांगाच्या पाण्यावर, आम्ही बसलों. जाकिटाचे पट्टे नातीनें आवळले. मिस्त्रीनें नाव कमरेएवढ्या पाण्यापर्यंत लोटून दिली, पातें दोरीनें खालीं सोडलें आणि काय तपासलें कोण जाणे, मुठीनें त्यावर दोनदां ठोकलें. दांडा नातीच्या हातांत होता. किनाऱ्यावर सूनबाई पदर खोंचून उभ्या होत्या. दोन्ही हातांनीं नावेची कड घट्ट धरून आम्ही मागें त्या पात्याकडेच पाहत होतों. तें पाणी कापीत सरळ चाललें होतें.

"तात्या," नात म्हणाली, "मागं काय बघता? आता वळायचंय. डोकं खाली करा."

आम्हीं डोकें खालीं केलें.