यंत्राची पारख

संगणकावरील खेळांचें जें वेड आमच्या विद्यार्थ्यांना लागलें आहे, त्याविषयीं पालकांकडून पुष्कळ तक्रारी ऐकूं येतात. त्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु खेळाचें यंत्र बिघडलें म्हणजे तेंच एक उत्तम शिक्षक होऊं शकतें, हें नुकतेंच माझ्या अनुभवास आलें. तो अनुभव वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यास त्याच्या आईनें शिवणकामाच्या मिळकतींतून पै-पैसा सांठवून एक वापरलेलें ग्राफिक्स कार्ड घेऊन दिलें. लेखनवाचनाचीं कामें यंत्र बिनतक्रार करी. पण खेळ सुरू होऊन दहा मिनिटें होतात न होतात तोंच तें एकाएकीं बंद पडे. पहिल्यानें बंद पडलें तेव्हां धाकटी बहीण खेळत होती. सबब कार्ड तिनेंच बिघडविलें, असा निकाल घरांत लागला, आणि ती पोर आठ दिवस मान खालीं घालून वावरत होती. दुसऱ्या कार्डासाठीं कर्ज काढावें काय, हें विचारावयास आई मजकडे आली. मी म्हटलें, "बाई, आधीं चौकशी होऊं द्या, निकाल मग."

शनिवारीं तो मुलगा व मी वीज तोडून यंत्र उघडून बसलों. नियम एकच ठरविला: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची आणि परिणाम वहींत टिपावयाचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कळत नाहीं. धूळ झाडली, फरक नाहीं. कार्ड काढून पुन्हां घट्ट बसविलें, फरक नाहीं. खेळ चालूं असतां कार्डाची उष्णता पाहिली. ती सुमारें ७० अंश सेल्सिअस होती, आणि भारांत इतकी उष्णता साधारणच होय. शेवटीं तेंच कार्ड दुसऱ्या यंत्रांत घातलें. तेथें तें तासभर न अडखळतां चाललें. कार्ड निर्दोष ठरलें!

उरली पॉवर सप्लायची पेटी. ती एका जुन्या यंत्रांतली होती. लेखन करतांना कार्ड थोडीच वीज मागतें. खेळांत ती मागणी कितीतरी पटींनीं वाढते, आणि तो भार त्या जीर्ण पेटीस सोसवत नव्हता. उसनी पेटी जोडतांच दोष नाहींसा झाला. नवी पेटी कार्डाच्या मानानें स्वस्तांत मिळाली व कर्ज टळलें. (ही पेटी मात्र कोणीं उघडूं नये, वीज तोडल्यावरहि तींत प्राणघातक दाब राहूं शकतो.)

"सर, मग माझें कार्ड चांगलें म्हणावयाचें ना?" मुलानें विचारलें. मी म्हटलें, "बाळ, दोष नसणें निराळें आणि गुण असणें निराळें." एनव्हिडिया कंपनीचें 'जीटी १०३०' हें कार्ड २०१७ सालीं निघालें. त्याची मेमरी जीडीडीआर५ जातीची असून ती सेकंदास सुमारें ४८ गिगाबाइट माहिती पोंचविते. २०१८ सालीं त्याच नांवानें डीडीआर४ मेमरीचें कार्ड आलें. त्याचा वेग १६.८ गिगाबाइट, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. नांव एकच, आणि मेमरीहि दोहोंची २ गिगाबाइटच! जो केवळ नांव व गिगाबाइट पाहून खरेदी करील, त्याला हा भेद कळावा कसा? म्हणून मेमरीची जात, तिचा वेग आणि कार्डास लागणारी वीज हीं तिन्ही पाहावीं. आणि जुनें कार्ड घेतांना आपल्या समक्ष अर्धा तास तरी खेळ चालवून मगच पैसे मोजावे.

त्या संध्याकाळीं मुलानें बहिणीची क्षमा मागितली व पहिला डाव तिलाच खेळूं दिला, असें आईनें मागाहून सांगितलें. दुसऱ्यावर दोष ठेवण्याची घाई करूं नये, ही शिकवण आम्ही प्रार्थनेच्या तासाला नेहमींच देतों. ती त्या मुलाच्या मनावर पक्की ठसली ती मात्र हातांत स्क्रूड्रायव्हर असतांना. पालकांनीं आपल्या मुलांस असा एखादा शनिवार अवश्य द्यावा.