हिरवी जमीन सोडून वरकस घेतली

जमीन घ्यायची तर झाडीची घ्यायची, आणि जिथे झाडी नसेल तिथे आपल्या आवडीची झाडं लावायची, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. सागाच्या रांगा, कुंपणाला गुलमोहर, उताराला निलगिरी, घरापुढे चाफा असा आराखडा मी वहीत काढून ठेवला होता. त्यातला चाफा तेवढा आज शिल्लक आहे. बाकीचं मत पूर्ण बदललं. ते का बदललं हे मोकळेपणाने सांगावंसं वाटतं, कारण माझ्यासारखाच आराखडा मनात घेऊन जमिनी बघत फिरणारी पुष्कळ माणसं आमच्या वसईत मला भेटतात.

मी वसईचा. नोकरी सातिवलीतल्या एका गाळ्यात. सातिवली, वालीव, गोखिवरे हा पट्टा एकेकाळी भातखाचरांचा आणि गवताळ उतारांचा होता. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे गाळे आहेत आणि मागे मुरमासाठी खरवडलेली टेकाडं. तुंगारेश्वराचा डोंगर रोज समोर दिसतो. २००३ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. त्याच्या हद्दीबाहेर मात्र उतार कापून चाळी उभ्या राहत गेल्या. जुलै २०२२ मध्ये राजीवलीच्या वाघरळपाड्यात दरड कोसळली आणि दोन जीव गेले. त्या पावसाळ्यानंतर माझी जमीन घेण्याची इच्छा फार तीव्र झाली. एखादा तुकडा तरी झाडांसकट, मातीसकट जागेवर राहावा, एवढीच ओढ होती. सातिवलीत तसा तुकडा परवडण्यातला नव्हता. मग मी आणि माझी बहीण महामार्ग ओलांडून पारोळ, शिरवली, भाताणे या बाजूला जमिनी बघू लागलो.

ऑगस्टमध्ये दोन तुकडे बघितले. एक डोळ्यांत भरेल असा हिरवा. तारेचं कुंपण, फाटक, आत दाट झाडी. दुसरा वरकस, म्हणजे भातखाचराच्या वरचा उतार: कमरेएवढं गवत, मधून करवंदाच्या जाळ्या, कुडा, धायटी, आणि मोठं म्हणावं असं झाड क्वचितच. माझा कल अर्थातच पहिल्याकडे होता. बहीण म्हणाली, मे महिन्यात परत येऊन बघू, तोवर बयाणा द्यायचा नाही. तिच्या या एका हट्टाचे उपकार मी विसरणार नाही.

मे महिन्यात पहिल्या तुकड्यात शिरलो तर पायाखाली तपकिरी पानांचा जाड थर कुरकुरत होता. सगळी झाडी ऑस्ट्रेलियन बाभळीची, आकेशियाची. तिची पानं लवकर कुजत नाहीत. त्या थराखाली ना गवत, ना एखादं देशी रोप. सावली होती, पण तिच्याखाली काही वाढत नव्हतं. दुसऱ्या तुकड्यात ऊन नुसतं भाजत होतं. गवत कापून झालेलं, जमीन उघडी. तिथे पाड्यावरची एक बाई सरपण गोळा करत होती. इथे झाडं नाहीत हो मावशी, असं मी म्हणालो. तिने काही न बोलता वाकून पाचोळा बाजूला केला आणि जमिनीलगतचा एक जाड खुंट दाखवला. त्याला बोटभर लांबीचे तांबूस फुटवे आले होते. हा ऐन, म्हणाली. मग थोड्या अंतरावर काकड, त्याच्या खाली बिबळा, पलीकडे आवळा. दर वर्षी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, तोडलेली, वणव्यात होरपळलेली, पण मुळं जिवंत असलेली झाडं त्या सगळ्या उतारावर पसरली होती. मी ज्याला मोकळी जमीन म्हणत होतो ती जंगलाने भरलेली होती, फक्त ते जंगल घोट्याच्या वर येऊ दिलेलं नव्हतं.

ऐनाच्या मुळांना किती वर्षांचा अनुभव आहे याचा विचार करा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पुढचे आठ महिने जवळजवळ थेंब नाही. म्हणजे चार महिने माती चिंब, नंतर ती दगडासारखी. नर्सरीतून पिशवीत आणलेल्या रोपाला हे दोन्ही पहिल्याच वर्षी सोसावं लागतं. खुंटाला लागत नाही. त्याची मुळं मुरमाच्या भेगांतून केव्हाच खाली उतरलेली असतात.

नंतर आम्ही पहार घेऊन गेलो आणि उतारावर वर, मध्ये, खाली असे खड्डे घेतले. वरच्या अंगाला वीतभर माती, खाली मुरूम, मग काळा कातळ. तिथे खैर उभे होते, कारण खैराला अशी उथळ, खडकाळ, पाणी न थांबणारी जागा चालते. मधल्या भागात माती हातभर खोल, तिथे ऐनाचे खुंट जास्त. अगदी खाली, खाचराच्या बांधाजवळ चिकण माती, खड्ड्यात ओतलेलं पाणी बराच वेळ तसंच राहिलं. तिथे पळस आणि कळंब. पळसाला पाणी तुंबणारी भारी जमीन सोसते. कळंब तर ओलाव्याच्या सखल जागीच वाढतो. माझ्या वहीतल्या सागाच्या रांगा नेमक्या इथे येणार होत्या. सागाला खोल आणि निचऱ्याची माती लागते. या चिकणीत तो खुरटला असता आणि वरच्या मुरमातही फार उंच गेला नसता. वसईच्या पश्चिमेला, वाळूमिश्रित मातीत, बावखल म्हणतात त्या तळ्यांच्या गोड्या पाण्यावर केळी, नारळ, पानवेली पिकतात. जिल्हा एकच असला तरी ती माती वेगळी आहे, आणि लहानपणापासून तेच वैभव बघितल्यामुळे मला वाटायचं की पाणी घातलं की कुठेही काहीही येतं.

झाडांच्या बाबतीत आपल्याकडे आकड्यांचं फार वेड आहे. राज्यात १ जुलै २०१६ ला एका दिवसात २ कोटी झाडं लावण्याचा संकल्प झाला, पुढे ४ कोटी, १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी. मीही तेव्हा मोठ्या उत्साहाने खड्डे खणले आहेत आणि त्या उत्साहाची मला लाज नाही. पण आता कुणी 'किती लावली' असं विचारलं तर मी 'कुठल्या मातीत, आणि आधी तिथे काय होतं' असं विचारतो. सुबाभूळ १९७०च्या दशकात उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेने आणली ती जनावरांच्या चाऱ्यासाठी, आणि चाऱ्यासाठी ती उपयोगाची होती. तीच सुबाभूळ ओसाड टेकडी हिरवी करण्यासाठी सरसकट लावली की ती बाकीच्यांना जागा देत नाही. परदेशी झाडांवर माझा राग नाही. पण जिथे ऐनाचा खुंट फुटतो आहे तिथे दुसरं काही लावणं हा मला आता अन्याय वाटतो.

कागदपत्रांबद्दलही माझं मत बदललं. पूर्वी सातबारा म्हणजे मालकाचं नाव आणि क्षेत्र एवढंच मी बघायचो. झाडीच्या जमिनीत खरा मजकूर 'इतर हक्क' या रकान्यात असतो. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वनं सरकारजमा झाली, आणि तशी नोंद असलेल्या जमिनी आजही विकायला निघतात. मूळ मालक आदिवासी असेल तर महसूल संहितेचं कलम ३६ अ लागतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन बिगरआदिवासीला घेता येत नाही. आमच्या भागात हे कलम म्हणजे वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांचा शेवटचा आधार आहे. त्यातून पळवाट काढून देतो म्हणणाऱ्या दलालाला आम्ही दारातूनच परत पाठवलं. शिवाय कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन घ्यायला आपण शेतकरी असावं लागतं. आमची वडिलोपार्जित वाडी होती म्हणून ते जमलं. आणि ऐन, खैर, मोह, जांभूळ, हिरडा यांसारखी झाडं आपल्या मालकीच्या जमिनीतली असली तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

आम्ही वरकस घेतली. तिथे काम थोडंच केलं. डिसेंबरात गवत कापून हद्दीने जाळरेषा काढतो, कारण वणवा आत आला नाही तर फुटवा टिकतो. घाणेरी उपटतो. प्रत्येक खुंटावरचे जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटतो. ओहोळाच्या काठाला थोडे करंज आणि अर्जुन लावले. बहिणीचं म्हणणं होतं की जमिनीने काही उत्पन्नही द्यावं, म्हणून घराजवळ मोठे खड्डे घेऊन आंब्याची कलमं लावली. ते तिचं बरोबर होतं. पाड्यावरच्या बायका गवत आणि सरपण पूर्वीसारखंच नेतात. खुंट कुठले राखायचे हे त्यांच्याशी बोलून ठरतं.

एक गोष्ट अजून सलते. या उतारावर घनदाट सावली मी बघेन असं वाटत नाही. आकेशियाने ती चार-पाच वर्षांत दिली असती. तरी पुन्हा निवड करायची झाली तर मी हीच जमीन घेईन.

तुम्ही जमीन बघत असाल तर कृपा करून ऑगस्टमध्ये भुलू नका. मे महिन्यात जा, पहार घेऊन जा, उतारावर ठिकठिकाणी खड्डे घ्या, जवळच्या पाड्यावरच्या माणसांना सोबत न्या आणि जमिनीलगतचे खुंट बघा. व्यवहार झाल्यावर पहिलं वर्ष काही लावू नका. आणि साफसफाईसाठी जेसीबी तर मुळीच बोलावू नका.