बसतो आणि जुळतो

२०२४ च्या रमजानचा शेवटचा आठवडा. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला कराडहून चिपळूणला जायचं होतं, आपाच्या घरी. वाटेत कुंभार्ली घाट. गाडीत अम्मी, अब्बा, मी, बायको, मुलगा आणि डिकीत ईदचं सगळं सामान. गाडीचे टायर सहा वर्षांचे झाले होते. नक्षी झिजली होती आणि कडेला बारीक भेगा दिसायला लागल्या होत्या. ईदच्या आधी ते बदलायचेच, असं अब्बांनी दोनदा सांगितलं होतं.

अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं. पुढे काचबिंदूने नजर गेली. पूर्ण नाही, पण गाडी चालवण्याइतकी उरली नाही. ज्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी त्यांनी घरच्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. काही बोलले नाहीत. तेव्हापासून मी चालवतो आणि ते शेजारी बसतात, पाय मात्र अजून ब्रेक शोधतो.

शाळा सुटल्यावर मी टायरच्या दुकानात गेलो. कडक ऊन, रोजा, आणि इफ्तारच्या आत घरी पोचायची घाई. माझ्या गाडीचा टायर १६५/८० आर १४. दुकानदार म्हणाला, "सर, हा साइज आत्ता नाही. १८५/६५ आर १४ आहे. रिम तीच, फिट बसतो. रुंद आहे, रोडला पकड भारी, दिसायलाही भारी. आणि तुम्हाला स्वस्तात देतो." मी खाली बघितलं. खरंच भारी दिसत होता. तासाभरात चारही बसले.

घरी आलो तेव्हा अब्बा ओट्यावर होते. आमच्या घरातली बोली दखनी, पण गाडीबद्दल अब्बा मराठीतच बोलतात, कारण गाडी ते डेपोत शिकले. ते उठले, टायरपाशी उकिडवे बसले आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवायला लागले. टायरवरचे आकडे उठावदार असतात. त्यांनी ते बोटाने वाचले.

"एकशे पंच्याऐंशी, पासष्ट," ते म्हणाले. "आपला कुठला होता?"

मी सांगितलं. वर हेही सांगितलं की भार पेलायचा आकडा उलट वाढलाय. आधी ८५ होता, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. आता ८६, म्हणजे ५३० किलो. दुकानात तेवढं मी बघितलं होतं.

"ते बरं केलंस," अब्बा म्हणाले. "उंची किती झाली?"

मी गप्प. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वर्तुळाचा व्यास आणि परीघ दरवर्षी फळ्यावर मांडतो.

इफ्तार झाल्यावर वही घेऊन बसलो. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, इंचात. म्हणजे जुन्या टायरची भिंत १६५ चे ८० टक्के, १३२ मिलिमीटर. वरची आणि खालची मिळून २६४. रिम १४ इंच, म्हणजे ३५५.६. एकूण ६१९.६ मिलिमीटर. नव्याची भिंत १८५ चे ६५ टक्के, १२०.२५. दोन्हींची बेरीज २४०.५, रिम धरून ५९६.१. चाक साडेतेवीस मिलिमीटरने लहान झालं होतं. जवळजवळ चार टक्के.

"म्हणजे गाडी पोटाखाली जवळपास अर्धा इंच बसली," अब्बा म्हणाले. "पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन घाटात जायचंय. भिंतही आखूड झाली, खड्ड्याचा मार सरळ रिमवर. कोकणातल्या पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, ते वेगळंच." मग त्यांनी विचारलं, "आणि काटा?"

चाक लहान झालं की तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेतं. मीटर फेरे मोजतं. आधी मीटर बरोबर होतं असं धरलं, तर आता काट्यावर १०० दिसताना गाडी ९६ च्या आसपास असणार. मी म्हटलं, "मग वेग कमीच आहे की."

"मीटर खोटं बोलायला लागलं तर ड्रायव्हरने विश्वास कशावर ठेवायचा?" आणि मग शेवटचं, "स्टेपनी कुठली आहे?"

स्टेपनी जुन्याच मापाची होती. घाटात पुढचा टायर पंक्चर झाला असता, तर पुढची दोन चाकं दोन उंचीची झाली असती.

त्यांनी आणखी एक गोष्ट बोटाने शोधून ठेवली होती. लांबट चौकटीत चार आकडे, १९२१. म्हणजे टायर २०२१ सालच्या एकोणिसाव्या आठवड्यात तयार झालेला. नवा म्हणून घेतलेला टायर तीन वर्षांचा व्हायला आला होता. स्वस्त का होता, ते तिथे लिहिलेलंच होतं. वाचायचं मी राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी टायर परत केले. दुकानदाराने दोन हजार कापून घेतले. मी भांडलो नाही. "बसतो" असं तो म्हणाला होता आणि तो बसलाच होता. जुळतो का, हे विचारायचं काम माझं होतं. दुसऱ्या दुकानात मूळ मापाचे, त्याच वर्षीचे टायर मिळाले.

तुम्हाला रुंदच टायर हवा असेल तर तोही मिळतो, पण हिशेबाने. माझ्याच गाडीला १५ इंची रिम घालून १८५/६५ आर १५ घेतला, तर व्यास ६२१.५ येतो, फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा. मूळ माप ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवा. भाराचा आकडा आणि त्यापुढचं वेगाचं अक्षर मूळच्यापेक्षा कमी घेऊ नका. चाकाच्या कमानीला टायर घासत नाही ना, हे स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. तारीख वाचा. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. मला ते जमत नव्हतं असं नाही. मला घाई होती, आणि टायर दिसायला भारी होता.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पाटण गेलं, कोयनानगर गेलं. घाट सुरू झाला तसा मी गिअर खाली घेतला. नेहमी अब्बा इथे ताठ बसतात, एकेक वळण यायच्या आधी त्याचं नाव घेतल्यासारखे पुटपुटतात. दोन वळणं गेली, तीन गेली, आवाज नाही. मी हळूच डावीकडे बघितलं.

अब्बा झोपले होते. त्यांचे पाय स्वस्थ होते.