प्रयोजनाचा रकाना

सरकारी नोकरीत माणूस प्रवास पुष्कळ करतो; परंतु म्हणून तो प्रवासी होतोच असे नाही. प्रवासभत्त्याच्या देयकात निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, अंतर, वर्ग आणि दर असे रकाने असतात, आणि त्यांच्याच शेजारी आणखी एक रकाना असतो : प्रवासाचे प्रयोजन. तो कोरा ठेवून चालत नाही. तपासणी, बैठक, साक्ष, प्रशिक्षण, काही तरी लिहावेच लागते. वर्षानुवर्षे हा रकाना भरता भरता मनाला अशी काही सवय जडते की, प्रयोजन सांगता येत नसेल तर घराबाहेर पाऊल टाकणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय वाटू लागतो. मग तो पैसा स्वतःच्या खिशातला का असेना!

दौऱ्यावरच्या माणसाला शहर दिसते तरी कसे? स्थानकावर गाडी उभी असते. विश्रामगृहाच्या खोलीत चादर ताणून घातलेली असते. खानसामा जेवणाचे विचारून जातो, आणि वरण सर्व प्रांतांत एकाच चवीचे असते. वेळ उरलाच तर कुणी कनिष्ठ सहकारी एखादे देऊळ आणि एखादे दुकान दाखवतो. देवळात रांग चुकते आणि दुकानात खुर्ची मिळते. परप्रांतात आयुष्य काढणाऱ्या आम्हां मराठी अधिकाऱ्यांच्या मुलांनीही भारत पाहिला तो बव्हंशी असाच, वडिलांच्या हुद्द्याच्या खिडकीतून. त्या खिडकीतून दिसते पुष्कळ, पण तिची काच कधी खाली होत नाही.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या मुलीने शनिवार-रविवार कलकत्त्याला जाण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा मी सवयीने दोन गोष्टी देऊ केल्या : अतिथिगृहातली खोली आणि तेथील एका स्नेह्याची गाडी. तिने दोन्ही नाकारल्या. "बाबा, तुमच्या नावावर गेलो तर ते तुमचंच कलकत्ता होईल," ती म्हणाली. तिच्याबरोबर नागपूरहून शिकण्यासाठी आमच्याकडे आलेला माझा भाचा, आणि वसाहतीतली दोन मित्रमंडळी, एक तमिळ व एक ओडिया. चौघेही एकोणीस-वीस वर्षांची. प्रत्येकाची वर्गणी पंधराशे रुपये, आणि ती शिकवण्यांतून किंवा बक्षिसाच्या पैशांतून आलेली असावी, आईवडिलांकडून घेतलेली नसावी, असा ठराव. रात्रीच्या मुक्कामाच्या विचाराने पत्नीचा जीव वरखाली होत होता. माझाही होत होता, पण मी तो अंदाजपत्रकाच्या आड लपवला.

ते अंदाजपत्रक मला वाचावयास मिळाले, आणि कबूल केले पाहिजे की, आयुष्यभर जी अंदाजपत्रके माझ्या नजरेखालून गेली त्यांत इतके सजीव एकही नव्हते. जमशेदपूर ते हावडा हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. सकाळी निघणारी स्टील एक्स्प्रेस दुपारच्या आत हावड्याला पोचवते, आणि तीच संध्याकाळी निघून रात्री परत आणते. बसावयाच्या साध्या डब्याचे भाडे माणशी दीडशे रुपयांच्या आत. मुक्काम हाजरा मार्गावरच्या महाराष्ट्र निवासात, दोन खोल्यांत दोघे दोघे. मात्र या बेताचे खरे मर्म पैशांत नव्हते; ते वारांत होते. कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून ती शनिवारी. भारतीय संग्रहालय सोमवारी बंद, म्हणून ते रविवारी. रविवारी मेट्रो सकाळी उशिरा, नऊच्या सुमारास सुरू होते, म्हणून हाजऱ्याहून व्हिक्टोरिया स्मारकापर्यंत पहाटे पायीच जावयाचे. थोडक्या पैशांत प्रवास करणाऱ्याला शहराचे वेळापत्रक पाठ करावे लागते. श्रीमंत प्रवासी शहराला आपल्या वेळेवर आणू पाहतो; गरीब प्रवासी शहराच्या वेळेवर चालतो, आणि म्हणून शहर त्याला थोडेफार कळते.

शनिवारी हावड्याचा पूल पायी ओलांडायचा असे ठरले होते. वाहन केले नाही, यात काटकसर होतीच. परंतु आणखी एक कारण होते. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेल्या या पुलात नटबोल्ट नाहीत, सारे सांधे रिव्हेटचे. त्याला लागलेल्या सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादापैकी तेवीस हजार टन जमशेदपूरचे. ज्या गावाच्या भट्ट्यांचा उजेड ही मुले लहानपणापासून रात्रीच्या आभाळात पाहत आली, त्या गावाच्या पोलादावरून चालत ती परक्या शहरात शिरणार होती. पुलाच्या पलीकडच्या टोकाशी, खाली मल्लिक घाटावर फुलांचा बाजार आहे. तेथे झेंडूच्या माळांचे भारे डोक्यावर घेऊन माणसे धावत असतात, आणि बघ्यांना बाजूला होण्याची सूचना सभ्य भाषेत मिळतेच असे नाही. हुद्दा नसलेल्या माणसाचे स्वागत कसे होते, याचा तो पहिला धडा होय.

दुपारचे जेवण पाइस हॉटेलात. हा कलकत्त्याचा एक जुना आणि शहाणा प्रकार आहे. पैशापैशाच्या हिशेबाने जेथे जेवण मिळे ते पाइस हॉटेल. भात वेगळा, डाळ वेगळी, मासळीची वाटी वेगळी. काही ठिकाणी केळीचे पान आणि लिंबाची फोडसुद्धा हिशेबात वेगळी धरतात. वाढपी हे सारे तोंडपाठ ठेवून आकडा सांगतो. आपण काय खाल्ले आणि त्यातले प्रत्येक किती पडले, हे जेवणाऱ्याला तेथे नेमके कळते. ज्यांच्या घरी जेवण आपोआप ताटात येते, त्या मुलांनी आयुष्यात एकदा तरी पानाचे पैसे वेगळे मोजावेत, असे मला वाटते.

जोडासाँकोचे ठाकूरांचे घर तेथून फार दूर नाही. त्या घराचा आणि आमच्यासारख्यांचा एक संबंध आहे, तो मी मुलांना निघण्यापूर्वी सांगितला. रवींद्रनाथांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय, आणि त्यांची नोकरी गेली मुंबई इलाख्यात. म्हणजे तेही परप्रांतात बदली झालेले अधिकारीच! साताऱ्याला न्यायाधीश असताना १८९७ साली ते निवृत्त झाले. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. १८८३ साली ते कारवारला असताना बाविशीतले रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहावयास गेले, आणि त्या समुद्रकाठी त्यांनी 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक लिहिले. थोरल्या भावाच्या प्रवासाचे प्रयोजन कोणत्या तरी दप्तरात नोंदलेले असेल. धाकट्याच्या प्रवासाला प्रयोजन नव्हते. त्यांतले कोणते आज जगाच्या स्मरणात आहे, हे निराळे सांगावयास नको.

बेतातला रविवार मात्र वादाचा ठरला. भाच्याचा आग्रह होता की, नदीखालून जाणाऱ्या मेट्रोत बसायचेच. देशातली पहिली मेट्रो कलकत्त्यातच, १९८४ साली सुरू झाली. नदीखालचा मार्ग खुला झाला २०२४ मध्ये. हुगळीच्या तळाखालचा सुमारे अर्धा किलोमीटरचा पट्टा पाऊण मिनिटात संपतो. "मामा, पुलावरून नदी ओलांडली, होडीतून ओलांडली, आणि खालून ओलांडली नाही, तर काय उपयोग?" असा त्याचा सवाल. इतरांचे म्हणणे, आपल्याला त्या वेळी हावड्याला जायचेच नाही. मग एस्प्लनेडहून केवळ तेवढ्यासाठी पलीकडे जाऊन लगेच परत यायचे काय? मतदान झाले आणि भाचा जिंकला. वहीत माणशी वीस रुपये मांडले गेले, आणि मुलीने पुढे कारण लिहिले : 'कारण नाही.' ती नोंद मी दोनदा वाचली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत असे दोन शब्द लिहिण्याचे धैर्य मला झाले नव्हते. नोकरीत ते होऊही नये. परंतु विसाव्या वर्षी ज्याच्या वहीत ही नोंद नाही, त्याच्या वहीत पुढे ती कधी येईल, याची शाश्वती नाही.

रविवारच्या दुपारी ती बागबाजारला गेली. मिळाली तर ट्रामने, नाही तर बसने, असे ठरले होते. १८७३ साली घोड्यांनी ओढलेली आणि १९०२ पासून विजेवर धावलेली ट्राम आता मोजक्याच मार्गांवर उरली आहे, आणि ती आणखी आखडण्याचा मनोदय राज्य सरकारने २०२४ मध्ये बोलून दाखवला आहे. बागबाजारला एका गल्लीचे नाव आहे 'मराठा डिच लेन'. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर उतरल्या तेव्हा, १७४२ साली, कलकत्त्याच्या रहिवाशांनी भयाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत. खणून झाला सुमारे तीन मैल. मराठे त्या बाजूला फिरकलेच नाहीत. पुढे १७९९ मध्ये खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावर रस्ता झाला. आपला 'बारगीर' बंगालीत 'बर्गी' झाला आणि मुलांना निजवताना दाखवावयाच्या भीतीत जाऊन बसला. शाळेच्या पुस्तकातून अटकेपारच्या झेंड्याचा अभिमान शिकलेल्या मुलांनी हे दुसरे टोकही पाहावे, आणि ते नागपूरच्या मुलाने पाहावे, ही मला या सहलीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

तेथे एका चहावाल्याने मुलांना विचारले, तुम्ही कुठले? भाचा चटकन् 'नागपूर' म्हणाला. माझी मुलगी घुटमळली. आमच्या मुलांची ही जुनी अडचण आहे. ज्या गावी आजोबांचे घर होते, त्या गावी ती तीन लग्नांना गेली आहेत. ज्या गावी ती वाढली, ते गाव वडिलांच्या निवृत्तीबरोबर सोडावे लागणार. सखाराम गणेश देऊस्करांसारखा एखादा मराठी माणूस देवघरच्या बाजूला जन्मतो, बंगालीला आपली भाषा करतो, आणि १९०४ साली 'देशेर कथा' लिहून साऱ्या बंगालला आपल्या देशाची दैना सांगतो. परंतु असे एखादेच. बाकीच्यांना 'कुठले' या प्रश्नाला उत्तर नसते, बदलीच्या आदेशांची यादी असते. शहर वारशाने मिळत नसेल, तर ते पायांनी मिळवावे लागते. चुकलेल्या बसने, मोजलेल्या नाण्यांनी, आणि आपण कुणाचे कोण हे न सांगता. चहावाल्याला मुलीने शेवटी सांगितले ते एवढेच, की काल सकाळी पुलावरून चालत आलो. तो हसला आणि त्याने मातीच्या पेल्यांत चहा भरला.

कुमारटुलीत अर्ध्या घडलेल्या मूर्तींच्या गवताच्या सांगाड्यांमधून वाट काढीत ती घाटावर आली, आणि बागबाजारच्या लाँचमधून हावड्याला पोचली. रात्री घरी आली तेव्हा चौघांची पावले दुखत होती आणि खिशात मिळून एकशे दहा रुपये उरले होते. ते पुढच्या सहलीच्या खात्यात जमा झाले. हिशेबाची वही टेबलावर पडलेली मी पाहिली. ती माझ्याकडे मंजुरीसाठी आली नाही, आणि मीही मागितली नाही. निवृत्तीला आता थोडेच महिने उरले आहेत. पत्नीने आणि मी पुरीचा बेत केला आहे, साध्या डब्यातून. तिकिटे काढताना तिने विचारले, तिथे काम काय आहे? मी म्हणालो, काही नाही.