साष्टीतली पोई

मडगावजवळ नणंदेकडे दोन दिवस मुक्काम पडला. पहाटेच दारात सायकलचा भोंगा पों-पों वाजला. पोदेर आला होता. टोपलीवरचा कपडा सारताच गरम पोईचा वास सुटला.

पोई म्हणजे गव्हाच्या पिठाची, वरून कोंडा लावलेली, आत पोकळ असलेली भाकरीएवढी रोटीच. पूर्वी पीठ माडीने फुगवीत. तिकडे तिला सूर म्हणतात. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, तेव्हा आता बहुतेक भट्ट्यांत यीस्टच चालते. भट्टी मात्र घुमटाची, लाकडांवर तापवलेली.

आमची मुले चहात मैद्याची खारी बुडवून शाळेला पळतात नि दहालाच भुकेली होतात. कोंडा आम्ही घालतो म्हशीला!

घरी परतल्यावर अर्धा किलो पीठ न चाळता घेतले. चमचाभर यीस्ट, मीठ, कोमट पाणी घालून मळले नि दुप्पट फुगेपर्यंत झाकून ठेवले. भट्टी कुठली? धोंडसासारखेच जाड पातेले, झाकणावर निखारे. पहिली पोई खालून करपली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तळाशी वाळू घाल, वर ताटली ठेव." मग जमले.

थोरल्याने लोणी लावून दोन खाल्ल्या. धाकटी अजून खारीच मागते.