आधी कातडी, मग केस

पावसाळा मध्यावर आला की पुण्या-मुंबईतल्या ग्रूमरकडे एकच तक्रार येऊ लागते: कुत्र्याला वास मारतोय, जरा कडक शाम्पू द्या. मुरलेला ग्रूमर बाटलीला हात लावत नाही. तो आधी केस उलटे सारून कातडी बघतो. काख, जांघ, पंजाच्या बेचक्या, कानामागची जागा. लाली आहे का, तेलकटपणा आहे का, कोंडा सुटतोय का? लॅब्राडॉर किंवा पॉमेरेनियनच्या दुहेरी केसांखाली ओल तासन्‌तास टिकते आणि मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट फोफावतं. तो आंबूस वास बहुतेकदा त्याचाच. सुगंधी शाम्पू तो फक्त झाकतो.

कुत्र्याची कातडी दिसते त्याहून नाजूक असते. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात, कुत्र्याच्या ३ ते ५. माणसाच्या त्वचेचा पीएच ५.५ च्या आसपास, तर कुत्र्याचा सहसा ७ च्या जवळ. त्यामुळे घरातला शाम्पू त्याच्यासाठी बनलेलाच नसतो, आणि अंगाचा साबण तर ९-१० पीएचचा. तो कातडीवरचं तेल ओरबाडून नेतो. मग खाज, मग चाटणं, मग जखम. रिठा घरगुती म्हणून सौम्य, हा समजही सोडायला हवा. त्याचा फेस डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो आणि तेलही धुऊन नेतो.

दर वेळी शाम्पू लागतोच असंही नाही. कारवान जातीसारख्या आखूड केसांच्या कुत्र्याला तर बऱ्याचदा ब्रश आणि ओलं फडकं पुरतं.

निरोगी कातडीला कमी वासाचा, कुत्र्यांसाठीच बनवलेला साधा शाम्पू घ्यावा. कोरडी असेल तर ओट्सचा. क्लोरहेक्सिडीनचा औषधी शाम्पू मात्र पशुवैद्याने सांगितला तरच, आणि तो अंगावर सुमारे १० मिनिटं राहू द्यावा लागतो. घाईत ओतलेलं महागडं औषध मोरीत जातं. टी ट्री तेलाचा शाम्पू टाळा: ते तेल कुत्र्याच्या पोटात गेलं तर विषारी ठरतं, आणि कुत्रा अंग चाटणारच.

शाम्पू मगभर पाण्यात कालवून, कोमट पाण्याने, पोटाखालचा फेस पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि केस मुळापर्यंत सुकवा. एवढं करूनही खाजवणं थांबलं नाही, तर दुसरी बाटली विकत घेऊ नका, पशुवैद्याकडे न्या.